पाच रकान्यांच्या पुढचं

"आई मानसं वळखंना झाली, आन तू हितं आटोत बसून शेंगा खातीयास व्हय गं माळे?" मायाक्का असं म्हणाली तेव्हा रिक्षा पत्रकार भवनाचा चौक ओलांडत होती आणि विजयमालाच्या तोंडात खरोखरच एक शेंगदाणा होता. तो चावावा की तसाच गिळावा, तिला कळेना. मायाक्का तिच्या माहेरची, मंद्रूपच्या खालच्या वस्तीवरची. डोळे दाखवायला सिव्हिलला निघालेली, मांडीवर भाकरीचं गाठोडं. विजापूर नाक्यावर शेजारी येऊन बसल्यापासून ती एसटीच्या कंडक्टरबद्दल, वाढलेल्या उन्हाबद्दल, सुनेच्या नव्या मोबाइलबद्दल बोलत होती, आणि विजयमाला हं हं करत होती. "कोण म्हणालं असं?" तिनं विचारलं. "कोन म्हंजे? मल्हारनं चारदा सांगून धाडलं की तुला. तुमच्या त्या मेंढरांच्या फोनवर. तू तितंच बसतीस न्हवं?" "मला कुणी काही सांगितलं नाही, मायाक्का." "मग तुमच्या फोनाला काय कान न्हाईत?" मायाक्का हसली. तिचे पुढचे दोन दात नव्हते. "आन मल्हार तर म्हनतुया..." "सात रस्ता!" रिक्षावाला ओरडला, आणि रोज याच हाकेला उतरणारी विजयमाला पायांच्या सवयीनं उतरली. मल्हार काय म्हणतो ते मायाक्काबरोबर सिव्हिलकडं निघून गेलं.

ती एका चादरींच्या दुकानाच्या सावलीत उभी राहिली. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, खांद्याला लॅपटॉपची पिशवी, हातात शेंगांचा पुडा. दाणा तिनं शेवटी चावला. तो खवट निघाला. फेब्रुवारी अर्धा झाला नव्हता आणि डांबर आत्ताच तापलं होतं. पळत जाऊन रिक्षा गाठावी असं वाटलं, मग सिव्हिलमध्ये डोळ्यांच्या रांगेत मायाक्काला शोधावं असं वाटलं, मग सरळ भावाला, मल्हारला फोन लावावा. सहा वर्षांत न लावलेला नंबर तिला पाठ होता. बोटं पिशवीच्या चेनवर गेली आणि तिथंच राहिली. आमच्याकडं हे असंच, ती मनाशी म्हणाली. माहेरचं माणूस दारात आलं की आधी पाऊस, मग रस्ता, मग मेंढरं, मग कुणाच्या म्हशीला काय झालं ते. चहा होतो. पान होतं. मग माणूस उठतं, पायताणात पाय घालतं, पाठ वळवतं, आणि तिथं, उंबऱ्यावर, जे सांगायला आलेलं असतं ते सांगतं. तिच्या नवऱ्याला हे कधी उमगलं नाही. शहरातला सरळ कारकून माणूस तो, पाहुणा उठला की दार लावायला निघायचा, आणि विजयमाला त्याची बाही धरायची: थांबा, अजून झालं नाही त्यांचं. तिचे वडील, आप्पा, गेल्याची बातमी घेऊन आलेला माणूसही दीड तास बसला होता. पोहे खाल्ले, पंख्याच्या वाऱ्याचं कौतुक केलं आणि तिसऱ्या पायरीवरून मान न वळवता म्हणाला, "आप्पांनी सकाळी प्रान सोडला." तेव्हा तिला राग आला नव्हता. बातमीला चालत यायला तेवढी वाट लागतेच, असं वाटलं होतं.

ती काम करायची त्या संस्थेचं ऑफिस झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्यांत होतं. जिना चढताना, काय चुकलं त्याला तिनं अजून नाव दिलं नव्हतं, पण ते तिला ठाऊक होतं, जसं दूध उतू गेलेलं वासावरून ठाऊक होतं. संस्थेचा एक फोन नंबर होता. मेंढपाळानं कुठूनही त्यावर बोलावं: मी कोण, कुठून, जनावरं किती, दुखणं काय, काय हवंय. बोललेलं मशीन अक्षरात उतरवत असे, बरंचसं बरोबर. ती अक्षरं वाचून पाच रकान्यांत घालणारा प्रोग्राम विजयमालानं लिहिला होता, एकटीनं, आणि दौऱ्यावर निघणारे जनावरांचे डॉक्टर त्याच पाच रकान्यांवर गाडी काढत. कुणी तिला हे शिकवलं नव्हतं. नवरा गेल्यावर तिनं कोर्टासमोर प्रतिज्ञापत्रं टाइप केली आठ वर्षं, आणि लेक सृष्टी कॉलेजात गेली तेव्हा पोरीनं परीक्षेपुरती चाळून फेकलेली पुस्तकं ही दुपारच्या रिकाम्या वेळात टाइपरायटिंगच्या टेबलावर वाचत बसायची, शब्दकोश उघडा ठेवून. निम्मं कळायचं नाही. पण एका प्रकरणापाशी ती थबकली आणि तिला हसू फुटलं होतं, समोरच्या वकिलानं "काय हो बाई?" विचारावं इतकं. त्यात म्हटलं होतं की वाचणारा एकच मोठा हुशार प्रोग्राम लिहूच नका. छोटे छोटे लिहा. एकाला फक्त आकडा ओळखता यावा, एकाला फक्त जनावराचं नाव, एकाला फक्त गावाचं. त्या प्रत्येकाला पार्सर म्हणायचं. प्रत्येकानं पुढ्यात आलेल्या मजकुराचा आपल्याला कळतो तेवढा तुकडा तोडून घ्यायचा आणि उरलेलं पुढच्याच्या हातात द्यायचं. मग ते जोडायचे: हा आणि त्याच्यामागून हा, हा, नाहीतर तो, हाच पुन्हा पुन्हा. दोन बिनडोक जोडले की एक शहाणा होतो, आणि असे शहाणे जोडत गेलं की अख्खा मजकूर वाचला जातो.

तिला हसू आलं कारण हे तिला सहा वर्षांची असल्यापासून येत होतं. उन्हं कलली की आप्पा जाळीच्या कुंपणाला एक माणूसभर फट ठेवायचे आणि मेंढरं एकेक करून आत सोडायचे. फटीच्या डाव्या हाताला मल्हार, उजव्या हाताला ती. मल्हारनं फक्त पाय बघायचे, लंगडी आली की "लंगडी" म्हणायचं. तिनं फक्त कान बघायचे, आपल्या कळपाच्या खुणेची चीर नसली तर "परकी" म्हणायचं. आई कासा बघायची. आप्पा काहीच बघत नसत, नुसते मोजत. चौघांत एकालाही अख्खं मेंढरू दिसत नव्हतं, पण कळप आत गेला की कुठल्या मेंढीचं काय हे घराला ठाऊक असायचं. आणि शेवटचं मेंढरू आत गेल्यावर, फट बांधायच्या आधी, आप्पा दर दिवशी तेच म्हणायचे, "मागं काय ऱ्हायलं का बघ गं." ती पळत जाऊन बांधापर्यंत बघून यायची. बहुतेक वेळा काही नसायचं. कधी एखादं कोकरू बोरीत अडकलेलं असायचं.

खुर्चीत बसून तिनं मशीन चालू केलं आणि पंखा लावायला विसरली. मल्हार हे नाव शोधलं, गाव मंद्रूप. चार निघाले. तक्त्यात चारही नीट बसलेले, हिरवे, म्हणजे वाचन पुरं झालेले, आणि चारही वेळा डॉक्टर वेळेत गेलेले. तशी नोंद होती. म्हणजे तिच्या भावाचं नाव चार वेळा तिच्या समोरून गेलं होतं आणि तिनं ते पाहिलं नव्हतं, कारण हिरवं झालेलं कोण पाहतं? मग तिनं तक्ता बाजूला सारून मूळ अक्षरं उघडली. पहिला दिवाळीनंतरचा. "मल्हार बोलतुय, मंद्रूपच्या खालच्या वस्तीवरनं. साठ मेंढरं. तीन लंगडत्यात, खुरात पू झालाय. डाक्टर पाठवा." इथपर्यंत पाच रकाने भरले होते. त्यापुढं: "आन तितं आमची भन बसती तिला सांगा, परवा आईनं मला बघून डोस्क्यावर पदर घेतला. आप्पा समजली." दुसरा महिन्याभरानं, लस पाहिजे म्हणून. "आन भनीला सांगा, आई तिचं नाव घेती, पर ती कोन ते आईला सांगता येत न्हाय." तिसरा संक्रांतीचा, कोकरांना हगवण. "आन सांगा, यायचं तर आता या. मागनं येऊन उपेग न्हाय." चौथा गेल्या आठवड्यातला. मेंढरं साठ, सगळी बरी, जंताचं औषध पाहिजे. आणि पुढं, मशीननं इमानदारीनं उतरवलेलं: "आन काय न्हाय. ऱ्हाऊ द्या."

तिनं ते चौथं चार-पाच वेळा वाचलं. मल्हारनं तिला फोन केला नाही यात तिला काहीच नवल वाटलं नाही. सहा वर्षं अबोला धरलेल्या माणसानं स्वतः नंबर फिरवणं म्हणजे वाकणं. मेंढरांच्या निमित्तानं बोलता बोलता निरोप टाकणं म्हणजे वाकणं नव्हे. तेवढी जागा तिच्या भावानं शोधून काढली होती, आणि चार महिने तो उंबऱ्यावर उभा राहून बोलत होता, आणि आत कोणी नव्हतं. उलट आतून कोणी म्हणालं होतं: आभारी आहोत, आपली नोंद झाली आहे. तो आवाजही तिनंच निवडला होता. सहा आवाजांतून, जरा प्रेमळ वाटतो म्हणून.

आणि प्रोग्राममधली ती ओळ. जिन्यावर ठाऊक झालेल्या चुकीला आता नाव मिळालं. सगळे पार्सर जोडून झाले की शेवटी एक प्रश्न विचारायचा असतो: मागं काही राहिलं का? राहिलं असलं तर वाचन फसलं म्हणायचं. पुस्तकात ते ठळक अक्षरात होतं आणि तिनं ती ओळ पहिल्या दिवशीच लिहिली होती, आप्पांचा आवाज कानात घेऊन. मग निरोप यायला लागले आणि तक्ता लाल व्हायला लागला. दहातले सात लाल. कारण प्रत्येकाला पाच गोष्टींच्या पुढं काहीतरी बोलायचं होतं. दौरे अडले. अमरेश डॉक्टर, संस्थेचे प्रमुख, टेबलाशी येऊन म्हणाले होते, "ताई, लोक फोन लावल्यावर बोलणारच. त्या बाकीच्याशी आपल्याला काय करायचंय? पाच रकाने भरले की झालं आपलं काम." गुरुवार होता. दुपारी डब्यात पालेभाजी होती. तिनं ती ओळ पुसली आणि एका क्षणात सगळं हिरवं झालं, आणि अमरेश डॉक्टरांनी पेढे मागवले. त्या दिवशी ती घरी गेली ती गुणगुणत गेली. जगातल्या कुणालाही ही चूक करायचा हक्क असता. शहरातल्या पोरानं केली असती तर तिनंच हसून म्हटलं असतं, अरे बाळा, आमच्या लोकांचं खरं बोलणं शेवटीच असतं. तिला माहीत होतं. नवऱ्याची बाही धरणारी बाई होती ती. आणि तिनं दार लावून घेतलं होतं, भाऊ पायताण घालतोय तेवढ्यात.

मग तिला राहवेना. दीड वर्षाचे सगळे निरोप तिनं प्रोग्रामला पुन्हा वाचायला लावले आणि पाच रकान्यांच्या पुढचं जे जे टाकलं गेलं होतं ते एका यादीत ओतलं. सोळा हजार नऊशे सहा तुकडे. ती वर-खाली सरकत राहिली, अधाशासारखी, मग चोरासारखी. "आन बाई, तुमचा आवाज लई ग्वाड हाय." "आन पाऊस कुटं अडलाय काय कळतंय का तितं?" "मालक आठ दिस बोलंनात माज्याशी. मेंढरं बरी हाईत." "आन आमचं कुत्रं माळशिरसच्या बाजूला चुकलंय, काळं, एक कान तुटका, कुनाला दिसलं तर." अक्कलकोटकडचा एक जण मराठीत मेंढरं सांगून झाल्यावर कानडीत शिरला होता आणि मशीननं तिथं नुसते ठिपके काढले होते, दोन ओळी भरून ठिपके. "हॅलो. हॅलो. कुनी हाय का तितं?" हे निदान शंभरदा होतं. एका बाईनं शेळ्यांचं सांगून, डॉक्टर नको म्हणून, मग म्हटलं होतं, "आसंच लावला फोन. ठिवते." विजयमालानं मान वर केली. खिडकीबाहेर सात रस्ता नेहमीसारखा सात बाजूंनी येत होता आणि सात बाजूंनी जात होता. तिला वाटलं, ह्यातल्या एखाद्याचं काही अडलं असेल. एखादं पोर आजारी असेल, एखाद्या बाईनं कुठं जायचं ठरवलं असेल. पुढं वाचायचं धाडस होईना आणि थांबायचंही होईना.

अमरेश डॉक्टर अकराला आले. चांगला माणूस, तिला कधी उणा शब्द बोलला नव्हता. तिनं पडदा त्यांच्याकडं वळवला. त्यांनी उभ्यानंच वाचलं, मग चष्मा काढून वाचलं. "बाप रे," ते म्हणाले. आणि चष्मा परत लावत, "पण ताई, ही काही चूक नाही म्हणता येणार. आपली रचनाच तशी होती." "ओळ मी काढली, सर." "मीच सांगितली काढायला." "हो. पण काढली मी." ते खुर्चीत बसले. "आपण असं करू, सहावा रकाना टाकू. इतर." "इतर," विजयमाला म्हणाली. आई इतरमध्ये बसली, डोक्यावर पदर घेऊन. "का, नको?" "रकाना नको सर. जे उरेल ते जसंच्या तसं, न तोडता, तक्त्याच्या खाली यायला हवं. डॉक्टर गाडीत बसायच्या आधी ते कुणीतरी वाचायला हवं. माणसानं." "रोजचे तीस-चाळीस होतील." "होऊ देत." "कोण वाचणार?" तिनं पडदा परत आपल्याकडं वळवला आणि ते तिच्याकडं बघून म्हणाले, "तुम्ही आज घरी जा. बरं नाही दिसत तुम्हाला." "आधी हे करते." तिनं ते केलं. सगळ्यात शेवटी एक नवा पार्सर जोडला, सगळ्यांत बिनडोक, ज्याला काहीच ओळखता येत नाही; पुढ्यात येईल ते तो नुसता उचलून घेतो. तीन ओळी. नऊ मिनिटं लागली. नऊ मिनिटांचीच गोष्ट होती याची तिला जिना उतरताना लाज वाटली.

मंद्रूपच्या एसटीत खिडकीशी जागा मिळाली. ऊन मांडीवर येत होतं. तिनं पिशवी छातीशी धरली, सोडली, पुन्हा धरली. जोडणीतली एक गोष्ट तिला फार आवडायची: हा, नाहीतर तो. आधी पहिला पार्सर वाट चालून बघतो, नाही जुळलं तर मजकूर होता तिथं परत आणून ठेवतो, एक अक्षर न खाता, आणि मग दुसरा निघतो, जणू काही झालंच नव्हतं. माणसांत असं मागं येता येत नाही, चाललेली वाट पोटात गेलेली असते. सृष्टीच्या बारशाला आईनं पाळण्यात हात घालून म्हटलं होतं, "ही आमच्या सिदूची." सिदू मल्हारचा पोरगा, तेव्हा पाच वर्षांचा, नाक पुसत उभा. भाची मामाच्या घरात द्यायची, यात कुणाला विचारण्यासारखं काही नव्हतंच. सहा वर्षांपूर्वी आई स्वतः सोलापूरला आली, साडी-नारळ घेऊन, आणि मेंढरांचं बोलायला लागली, वाटेतल्या खड्ड्यांचं बोलायला लागली. विजयमालाला सगळं समजत होतं. आई शेवटाकडं चालली होती. आणि तिला तो शेवट येऊ द्यायचा नव्हता, म्हणून चहाची कपबशी आईच्या हातात असतानाच ती म्हणाली, "सृष्टीला तिथं द्यायचं नाही. तिला शिकायचंय." मधेच. वाट तोडून. आईनं बशी खाली ठेवली, चहा तसाच, साय धरायला लागलेला. उठली. पायताण घातलं. विजयमाला दाराला धरून उभी राहिली, आता काहीतरी बोलेल म्हणून, शिवी तरी देईल. आई जिना उतरली, फाटकातून बाहेर पडली, रिक्षाला हात केला. उंबऱ्यावर काहीच झालं नाही. त्याचं सावट सहा वर्षं घरात होतं. नकाराचं नाही, नकार तिला आजही बरोबर वाटत होता. सृष्टी पुण्यात नोकरीला होती, सिदूचं लग्न होऊन त्याला पोर होतं, कुणाचं काही बिघडलं नव्हतं. फक्त ते न बोललेलं तेवढं कुठं गेलं, हे तिला कळत नव्हतं, आणि आता ते ज्या डोक्यात होतं ते डोकंच रिकामं होत चाललं होतं.

मल्हार वस्तीच्या अलीकडं, बाभळीखाली जाळीची गाठ बांधत बसला होता. केस पांढरे झालेले. तिला बघून उठला नाही, पण हातातली गाठ थांबली.

"आलीस?"

"आले, दादा."

"सांगावा पोचला म्हनायचा."

"आज पोचला."

"पैला दिवाळीच्या मागं धाडला हुता."

मशीनला कळलं नाही, असं म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. मल्हारनं मानलं असतं. मशीनवर राग धरणं सगळ्यांनाच सोपं जातं. "चारही आले होते," ती म्हणाली. "मेंढरांचं तेवढं ठेवायचं आणि बाकीचं सोडून द्यायचं, असं मीच करून ठेवलं होतं. माझ्या हातनं गेलं ते."

"म्हंजे तू ऐकलंच न्हाईस?"

"नाही."

मल्हारनं जाळी मांडीवर घेतली आणि तिच्याकडं बघत राहिला. "मग चार म्हैने मी तुला शिव्या घालत हुतो त्या समद्या फुकट गेल्या म्हन की." तो हसला नाही, पण मिशी जरा हलली. मग हलायची थांबली. "आन बाकीच्यांचं?"

"बाकीच्यांचंही."

"आमाला वाटायचं तितं कोनतरी ऐकतंय." तो जाळीकडं बघत म्हणाला. "त्यो पोरगा, बिरप्पाचा, रोज लावायचा फोन. मेंढरू एक न्हाय त्याच्याकडं."

बाभळीच्या काट्यात लोकरीचा एक पुंजका अडकून हलत होता. मल्हार म्हणाला, "जा. अंगनात हाय. पर तुला वळखंल असं मनात धरू नगं. सकाळी बरी असती. आता ऊन चढलंय."

चिमाबाई, तिची आई, पत्र्याच्या सावलीत पोत्यावर बसली होती, सुपात तूर निवडत. आई एवढी लहान कधी झाली? हात मात्र तेच, खडा दिसायच्या आधी खड्यावर जाणारे. विजयमाला समोर बसली. म्हातारीनं तिच्याकडं पाहिलं, चष्म्याकडं, पिशवीकडं, पायांतल्या सँडलकडं, सगळं एकेक करून, आणि जोडून काही झालं नाही. डोळे परत सुपात गेले. विजयमालाला हाक मारावीशी वाटली. आई म्हणावं, दंडाला धरावं, मी तुझी माळी म्हणावं. मग आई बिचकेल, पदर घेईल. तिनं पिशवी बाजूला ठेवली. तुरीचे दाणे सुपात सरकत राहिले.

"तुमी फोनातल्या बाई व्हय?" म्हातारी अचानक म्हणाली. "आमचा मल्हार बोलतो त्या?"

"हो. तीच मी."

"मेंढरं बरी हाईत. जंताचं औषिद मिळालं." म्हातारीनं एक खडा उचलून अंगणात टाकला. "माजी येक लेक हाय सोलापुरात. तितं जवळच असंल. तिला सांगावा द्याल का?"

"देईन की."

"इसरशीला. लिवून घ्या."

तिनं पिशवीतून वही काढली. पेनाचं टोपण काढलं. म्हातारी सूप बाजूला सारून ताठ बसली, जशी फोटोला बसतात, आणि वहीकडं बघत सावकाश बोलायला लागली, एक वाक्य झालं की थांबून, पेन थांबलं की पुढं. "म्हनावं, उन्हाचं निगू नगं. म्हनावं, तुज्या लेकीला शिकीव. तिला सासरी धाडायची घाई करू नगं. म्हनावं, तू केलेला च्या मी तसाच ठिवला, तेवढं बरं न्हाय केलं. म्हनावं, घोंगडं नवीन विनून ठिवलंय, पर कुटं ठिवलंय ते घावंना. म्हनावं, मी रागावले न्हाय." विजयमाला लिहीत होती. अक्षरं ओळ सोडून वर चढत होती, खाली उतरत होती. ती मधे एकही शब्द बोलली नाही. "आणि?" तिनं विचारलं.

"वाचून दावा की आदी."

तिनं वाचलं. उन्हाचं, लेकीचं, चहाचं, घोंगड्याचं. म्हातारी प्रत्येकाला मान हलवत होती. शेवटची ओळ वाचली तशी तिनं हात वर केला.

"असं न्हाय. रागावले न्हाय असं कसं लिवलंसा? लई रागावले हुते. कशापायी, ते आता घावंना. तसं लिवा."

विजयमालानं ती ओळ खोडली आणि तसं लिहिलं.

"लिवलं?"

"लिहिलं."

"मग तिला दोनदा सांगा," म्हातारी म्हणाली आणि सूप पुन्हा मांडीवर ओढलं. "लई इसरभोळी हाय ती."